एक्केचाळीस नंबरची प्रत

कमाल मुकादमने त्या अमेरिकन कादंबरीचा जेवढा राग केला तेवढा उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नसेल. सख्ख्या भावाने गावाकडची, म्हसळ्याची, आंब्याची कलमं लाटली तेव्हासुद्धा तो एवढा पेटला नव्हता. आणि गंमत अशी, की ती कादंबरी त्याने कधी वाचलेलीच नव्हती. तिच्यातल्या फक्त वाईट ओळी त्याला तोंडपाठ होत्या, कारण त्या खोडायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे होतं.

कुवेतच्या दक्षिणेकडच्या भागात, हमरस्त्यापासून जरा आत, अमेरिकन अभ्यासक्रमाची एक शाळा आहे. नाव सांगत नाही; अशा शाळांची नावं सगळी एकाच साच्यातली असतात. तिच्या कागदोपत्री कमाल हा लायब्ररी असिस्टंट. प्रत्यक्षात तो तळघरातल्या स्टोअरमध्ये बसायचा. परदेशातून पुस्तकं आली की ऑफिसातून टाइप केलेला एक कागद खाली यायचा, बिनसहीचा. दारूची वर्णनं, चुंबनं, उघडी अंगं, डुकराची चित्रं. कमालने पट्टी घ्यायची, शाई पलीकडे उतरू नये म्हणून पानाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा आणि चपट्या टोकाच्या काळ्या मार्करने ओळ झाकायची. बारावीला लागलेल्या या कादंबरीच्या सेहेचाळीस प्रती होत्या. मार्करची शाई वर्षभरात विटते, तपकिरी होते, खालची अक्षरं डोकं वर काढायला लागतात. म्हणून दर ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी सेहेचाळीसच्या सेहेचाळीस प्रतींवर दुसरा हात.

कामात तो वाकबगार होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याची रेघ कधी वाकडी गेली नाही. पण माणूस नुसता वाकबगार असला की भागत नाही. त्याला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं. कागदावर डुकराची चित्रं असं लिहिलेलं होतं. या कादंबरीत चित्र एकच, कव्हरवरचं. त्यावर ऑफिसनेच शाळेचं स्टिकर चिकटवलं होतं. म्हणजे काम संपलं. पण आत पानोपानी तो शब्द होता. पहिल्याच वर्षी कमालने ठरवलं, की चित्र नको तर शब्द तरी कशाला? कुणी सांगितलं नव्हतं. त्याने एकूण तीनशे बारा ठिकाणी डुक्कर झाकलं. मग सेहेचाळीस प्रतींत तेच.

घरी येऊन त्याने हे मोठ्या अभिमानाने बायकोला सांगितलं. खैरुन्निसा कोळंबी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अवो, कुराणात पण त्याचं नाव हाय. हराम हाय म्हणून सांगायला नाव तर घ्यायलाच लागतं ना? तिथं कुणी खोडलंय काय?"

कमालने टीव्हीचा आवाज वाढवला. 

ऑफिसातले देवदत्त साहेब मात्र खूष झाले. हे शाळेचे प्रशासन अधिकारी, मूळचे पुण्याचे. आवाज मऊ, शर्ट कडक, आणि कुठल्याही कागदावर स्वतःची सही न करण्याची कला त्यांना जन्मजात होती. त्यांची तक्रार वेगळीच होती. मुलं खिडकीशी जाऊन खोडलेलं पान उन्हात धरायची आणि खालची अक्षरं वाचायची. कुवेतचं ऊन असं, की त्याच्यापुढे कसला मार्कर टिकणार! आख्खी कादंबरी सोडून पोरं नेमक्या तेवढ्याच ओळी वाचत होती. कमालने सांगितलं, "साहेब, पुस्तकाला इलाज नाय. पण सुट्टा कागद असेल तर आधी काळा करायचा, मग त्याची झेरॉक्स काढायची नि झेरॉक्सच वाटायची. उन्हात धरा नायतर दिव्यावर धरा, काळं ते काळंच राहतं."

देवदत्त साहेबांनी मान डोलावली. "वा कमालभाई! आणि तो शब्द काढताय ते चांगलंच करताय. चालू ठेवा." त्या वर्षी फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय दिनाला कमालला सर्टिफिकेट मिळालं आणि खजुराचा एक डबा. सर्टिफिकेट अबू हलीफा या समुद्रकाठच्या वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर लागलं. पुढे दर फेब्रुवारीला खजूर यायला लागले.

अशी दहा वर्षं गेली. वर्गात कादंबरी शिकवणारे येत होते, जात होते. जुन्या नोट्सवरून शिकवत होते, मुलं जुन्या नोट्सवरून लिहीत होती. पुस्तक उघडायची गरज कुणाला पडली नाही. अकराव्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. कमालची मुलगी रिदा बारावीत गेली, आणि इंग्रजी शिकवायला प्रणिता नावाची नवी बाई आली.

रिदा त्याची एकुलती एक. कुवेतमध्येच जन्मलेली, बापाशी बोलायची ते अर्धं इंग्रजीत. शाळेतल्या नोकरीमुळे तिचं शिक्षण तिथेच चाललं होतं आणि तिचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, बापाच्या इकाम्याला बांधलेला होता. मे महिन्यात शेवटची परीक्षा. त्यानंतर तिला लांब जायचं होतं, कॅनडा म्हणा, अमेरिका म्हणा, कुठेही. फक्त अब्बाच्या हाताच्या टप्प्याबाहेर. कमालच्या मनात पनवेलचं कॉलेज होतं, तिथे त्याची बहीण राहायची. या विषयावर बापलेकीत आता बोलणंही होत नसे. पोरगी हातची जाईल ही एकच भीती त्याला रात्रंदिवस खात होती. बाकी जगाचं काहीही होवो.

त्या ऑगस्टमध्ये प्रतींवर दुसरा हात मारताना तो पान दोनशे तेरावर थांबला. तिथपासूनच्या आठ पानांत तो शब्द फार दाट होता, म्हणून ती पानं त्याला नेहमी त्रास द्यायची. या वर्षी मात्र रिदाच्या हातात हे पुस्तक पडणार होतं, म्हणून त्याने प्रथमच शब्दाच्या आजूबाजूचंही वाचलं. रूथ नावाची एक मुलगी. बापाशी भांडते. एक बॅग उचलते आणि पहाटेच्या बसने निघून जाते. कमालने पुढची पानं उलटली. ही कुठेतरी पस्तावते का, रडत परत येते का, ते बघितलं. आली नाही; पुढे तिचं नावसुद्धा नव्हतं. लेखकाने तिला साधी ठेचसुद्धा लागू दिली नव्हती.

कमालच्या अंगाचा तिळपापड झाला. डुक्कर एक वेळ परवडलं! कोणती प्रत कुणाला द्यायची हे त्याच्याच हातात होतं. त्याने एक्केचाळीस नंबरची प्रत रिदाच्या नावावर टाकली, ब्लेड घेतलं आणि तिच्यातली चार पानं शिवणीलगत अशी कापली, की पुस्तक उघडल्यावर कळूही नये. मागून-पुढून छापलेली आठ पृष्ठं. ती त्याने फेकली नाहीत. छापील कागद टाकायला त्याचा हात होत नसे. घरी नेऊन पासपोर्टच्या फोल्डरमध्ये, सगळ्यांत मागे सरकवून दिली.

ऑक्टोबरात प्रणिता मिस तळघरात उतरल्या. हातात मुलाकडून घेतलेली प्रत, चेहरा लाल. त्या स्वतःच्या कोऱ्या प्रतीवरून शिकवत होत्या आणि मुलं माना हलवत होती. पानाचा आकडा देऊन वाचायला सांगितलं तेव्हा कुठे उजेड पडला.

"हे कोणी केलं?"

"मी. ऑफिसची ऑर्डर हाय."

"हा शब्द खोडायची ऑर्डर? दाखवा."

कमालने हातातल्या मार्करचं टोपण लावलं. "मॅडम, घाण शब्द हाय तो."

"अहो, तो शब्द म्हणजेच पुस्तक आहे! त्या गावात एक कत्तलखाना आहे. त्याच्या छपरावर पत्र्याचं डुक्कर आहे, घराएवढं. डोक्यावर त्यांच्या झेंड्याच्या पट्ट्यांची टोपी, तोंडावर हसू, रात्रभर दिव्यांनी उजळलेलं. स्वातंत्र्यदिनाला सगळं गाव त्याच्याखाली उभं राहून शपथ घेतं. आत कामगारांची बोटं तुटतायत आणि वर हे हसतंय. ते डुक्कर नाहीये कमालभाई. तो लेखक स्वतःच्या देशाला बोलतोय. तुमच्या लोभाला तुम्ही टोपी घातलीत आणि त्यालाच सलाम ठोकताय, असं म्हणतोय."

"मग देशाला बोलायचं तर देश लिहायचा. डुक्कर कशाला लिहायचं?"

"सरळ लिहिलं असतं तर त्याच्याच लोकांनी तुमच्यासारखं खोडलं असतं."

"मी नोकर माणूस हाय मॅडम. मला तुमचा देश नको नि डुक्कर पण नको."

"तुम्ही नोकर नाही. नोकर सांगितलेलं तेवढंच करतो." असं म्हणून त्यांनी प्रत टेबलावर आपटली आणि गेल्या. कमालने त्या दिवसापासून त्यांना सलाम करणं सोडलं. त्या जिन्यात भेटल्या तर तो भिंतीकडे बघायचा. त्यांनीही मग ऑफिसात दोन तक्रारी टाकल्या, आणि देवदत्त साहेबांनी त्या दोन्ही मऊ आवाजात गिळल्या.

जानेवारीत बाहेरून सराव परीक्षेचा पेपर आला. अमेरिकेतल्या ज्या मंडळाची मेमध्ये खरी परीक्षा असते, त्यांनीच काढलेला आणि त्यांनीच तपासलेला. मोठा प्रश्न कादंबरीवर होता: छपरावरचं डुक्कर कशाचं चिन्ह आहे, आणि शेवटी रूथ त्याच्याकडे कशी बघते, ते उतारे देऊन लिहा. वर्ग गार पडला. प्रणिता मिसनी तोंडी सांगितलेलं मुलांनी लिहिलं, पण उतारे आणणार कुठून? एका बहाद्दराने लिहिलं, या पुस्तकात असा प्राणी नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था रिदाची. तिने मन लावून पुस्तक वाचलं होतं, जेवढं तिच्या हातात होतं तेवढं. तिने चार पानं भरून लिहिलं, की रूथ शेवटपर्यंत बापापाशी राहते आणि हेच तिचं मोठेपण आहे. तपासणाऱ्याने समासात एक ओळ लिहिली: तू पुस्तक वाचलं आहेस का? रिदाने हात वर करून वर्गात वाद घातला, रूथ कुठेही गेलेली नाही म्हणून. सगळा वर्ग हसला.

"एव्हरीवन लाफ्ड, अब्बा," घरी आल्यावर ती दारातच म्हणाली. "एव्हरी सिंगल वन. माझ्या बुकात पेज टू ट्वेल्व्हनंतर डायरेक्ट टू ट्वेंटी-वन हाय. बाकीची पानं कुठे गेली?"

 कमाल म्हणाला, "जुनी पुस्तकं हायत. बायंडिंग सुटलं असेल."

"तुम्ही लोक बुक्स सांभाळता की मारता?" तिने बॅग फेकली. खैरुन्निसाने एकदा नवऱ्याकडे बघितलं. तो फ्रीजवरच्या सर्टिफिकेटकडे बघत होता.

पालक खवळले. एवढ्या फिया भरून हे? कुणीतरी खोडलेल्या पानांचे फोटो थेट मंडळाकडे पाठवले. मार्चमध्ये मंडळाचं पत्र आलं: पुस्तकांत हा फेरफार कोणाच्या अधिकाराने झाला त्याचा लेखी खुलासा पाठवा, नाहीतर शाळेचं परीक्षा केंद्र रद्द. आता खापर फोडायला कुणाचं तरी डोकं हवं होतं, आणि डोक्यांच्या यादीत तळघरातलं डोकं सगळ्यांत खाली.

देवदत्त साहेबांनी कमालला वर बोलावलं, चहा मागवला. चहा आला तेव्हाच कमालने ओळखलं.

"कमालभाई, तुम्ही एक पत्र लिहून द्यायचं. मी हे माझ्या मनाने केलं, शाळेला कल्पना नव्हती. बस."

"पण साहेब, कागद तुम्ही पाठवायचे. चालू ठेवा म्हणालात."

"त्या कागदावर माझी सही आहे का?" साहेबांनी अगदी मायेने विचारलं. "हे बघा, तुमची तशीही सत्तावन्न झाली. जूनपर्यंत तुमचा इकामा आम्ही ठेवतो. रिदा मेमध्ये इथेच परीक्षा देईल. तुम्ही अडून बसलात तर इकामा या महिन्यातच रद्द होईल. मग तीही गेलीच तुमच्याबरोबर, परीक्षेआधी. मालक खैरानला त्यांच्या समुद्रकाठच्या बंगल्यावर गेलेत, रविवारी येतील. रविवारी मला पत्र पाहिजे."

कमाल खाली स्टोअरमध्ये आला. रिदाचं वर्ष बुडवायचं, की स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायचं? पत्र लिहायला त्याची हरकत नव्हती. पण निम्मं पत्र खरं होतं, त्याची खरी पंचाईत ती होती. तो शब्द त्याने खरोखरच मनाने खोडला होता. नुसतं खोटं असतं तर ते पाठ करून लिहिता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो प्रणिता मिसच्या दाराशी गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्याने सगळं सांगितलं, एक्केचाळीस नंबर सोडून. मिसना त्याची दया आली नाही, आणि येऊही नये. त्यांनी आपली कोरी प्रत कपाटातून काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "खुलासा कशाचा देणार? काय खोडलंत ते तरी माहीत आहे का? आधी वाचा. मग लिहा."

चार दुपारी कमाल स्टोअरमध्ये बसून वाचत होता. इंग्रजी त्याचं बिलं आणि पार्सलं वाचण्यापुरतं. एका पानाला पाव तास लागायचा. सगळं वाचणं शक्यच नव्हतं. काही प्रकरणं त्याने सरळ उडवली. त्याला लेखकाचा राग येतच होता. हा कोण लागून गेला? ज्या देशाचं खातो त्याच देशाला शिव्या? आणि शिव्याही तोंडावर नाहीत, पत्र्याच्या डुकराआडून. पण वाचता वाचता त्या छपराखाली नेमकं काय चाललंय ते त्याला दिसायला लागलं. कत्तलखान्याचा मालक दर नाताळात प्रत्येक कामगाराला डुकराच्या मांसाचा एक मोठा तुकडा भेट द्यायचा, रिबीन बांधून. लोक तो घरी नेऊन शेजाऱ्यांना दाखवायचे. एका कामगाराचा हात यंत्रात गेला, त्या नाताळात त्याला दोन तुकडे मिळाले. दोन! त्याच्या बायकोने ते टेबलावर ठेवले आणि गावाने म्हटलं, मालकाचं मन मोठं आहे.

इथे कमालने पुस्तक मिटलं. चार वर्षांपूर्वी स्टोअरच्या शिडीवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं. शिडी मोडकी आहे हे त्याने तीनदा लेखी कळवलं होतं. त्या फेब्रुवारीत खजुराचे दोन डबे आले होते. खैरुन्निसाने एक डबा शेजारच्यांना वाटला होता आणि त्याने स्वतः सगळ्या मजल्यावर सांगितलं होतं, की शाळा माझी कदर करते.

त्याला लेखकाचा एवढा संताप आला की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. म्हसळ्याच्या माणसाची कुवेतमधली फजिती या परक्या माणसाला कुणी सांगितली? मग हळूहळू राग लेखकावरून घसरला आणि वर, ऑफिसाच्या दिशेने गेला. आणि तिथेही थांबला नाही. रूथचा बाप त्या डुकरावरचे दिवे बदलणारा माणूस होता. बावीस वर्षं छपरावर चढत होता, मुलीच्या शाळेसाठी. दोनशे तेरा ते वीस या आठ पानांत तो तिला म्हणतो, हे डुक्कर मी थोडंच उभं केलं? मी फक्त दिवे लावतो. ती म्हणते, तुम्ही दिवे लावता म्हणून तर ते दिसतं. ऑगस्टमध्ये कमालने ही वाक्यं वाचली होती. तेव्हा त्याला फक्त बॅग आणि बस दिसली होती.

शनिवारी त्याने पत्र लिहिलं. दोन पानं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण रेघेत. कागद कोण पाठवायचं ते लिहिलं. चालू ठेवा असं कोण कधी म्हणालं, सर्टिफिकेट कुणाच्या हस्ते मिळालं, उन्हात अक्षरं दिसतात ही तक्रार कुणी केली, ते लिहिलं. प्रणिता मिसच्या दोन तक्रारी दाबल्या गेल्या ते लिहिलं. तो शब्द खोडायची सुरुवात माझी, हेही लिहिलं. आणि लिहिता लिहिता त्याचा हात थांबेना. खरं लिहायचं तर अर्धं कशाला? शेवटी त्याने लिहिलं: एक्केचाळीस नंबरच्या प्रतीतली चार पानं मी, कमाल मुकादम, माझ्या मनाने कापली. मला कोणीही सांगितलं नव्हतं.

ते लिहून झाल्यावर त्याला खूप हलकं वाटलं. मूर्ख माणूस! कागदाच्या कामात आयुष्य गेलं आणि कागदाचं पुढे काय होतं ते त्यालाच सुचलं नाही.

रविवारी देवदत्त साहेबांनी पत्र वाचलं, मुळीच चिडले नाहीत. "ठेवून जा," म्हणाले. मंगळवारी पुन्हा बोलावलं. टेबलावर पत्राची झेरॉक्स होती. "मूळ प्रत फाइलला लागली. मंडळाला ही जाईल, एक तुमच्यासाठी. मिळाली म्हणून इथे सही करा. इकामा जूनपर्यंत, रिदाची परीक्षा इथेच. मी शब्द पाळतो."

कमालने कागद उचलला. वरचं नाव, तारीख, मग काळ्या पट्ट्याच पट्ट्या, दोन्ही पानांवर. कुठेकुठे नुसतं 'मी' आणि 'खोडलं' एवढे शब्द सुटलेले. आणि अगदी तळाला, स्वच्छ, एकही अक्षर न झाकलेली, ती शेवटची ओळ.

"साहेब, हे काय केलंत?"

"गोपनीयता असते कमालभाई. इतरांची नावं बाहेर जाऊ देता येत नाहीत. तुमचं आम्ही काहीच बदललेलं नाही. तुमच्याच हातचं आहे."

मार्कर त्याच्याच स्टोअरमधला होता. काम भिकार होतं. पट्टी न लावता मारलेल्या रेघा, एकही सरळ नाही. त्या क्षणीही त्याच्या नजरेने हे टिपलं, आणि स्वतःची शरम वाटली. त्याने सही केली. मेमधली परीक्षा त्या सहीवर टांगलेली होती.

घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. रिदा खिडकीपाशी अभ्यास करत होती, मागे अबू हलीफाचं ऊन भगभगत होतं. खैरुन्निसाने विचारलं, "काय झालं?" त्याने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "झालं. रिदाची परीक्षा होईल."

रिदाने कागद उचलला. त्यात वाचण्यासारखी एकच ओळ होती. तिने ती वाचली, मग पुन्हा वाचली.

"फोर्टी-वन," ती म्हणाली. "दॅट्स माइन."

"रिदा, ऐक. वर आणखी लिहिलंय. सगळं लिहिलंय मी. सायबांचं, शाळेचं, समद्यांचं."

"कुठे?"

"त्या काळ्याखाली."

ती उठली. लहानपणापासून त्या शाळेत शिकलेली मुलगी. खोडलेलं कसं वाचायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने कागद काचेवर, उन्हात धरला. वाकडा केला, तिरपा केला, उलटा करून पाहिला. कमाल तिच्या मागे उभा होता. त्याला माहीत होतं, तरी तो बघत राहिला. काळं ते काळंच होतं.

"नथिंग," रिदा म्हणाली. "देअर्ज नथिंग हिअर, अब्बा. फक्त तुम्ही हाय." आणि मग, आवाज न चढवता, "पानं कुठे हायत?"

खोटं बोलायला जागा उरली नव्हती. त्याने कपाटातून पासपोर्टचं फोल्डर काढलं, मागच्या कप्प्यातली चार पानं तिच्या हातात दिली. ती बापाकडे पाठ करून खुर्चीत बसली आणि वाचू लागली. खैरुन्निसाने गॅस बंद केला. कमालला सांगायचं होतं, की मी आता वाचलंय, सगळं नाही तरी पुष्कळ वाचलंय. त्या बापाचं मला कळलंय. तुला म्हणून लिहिलं ते. पण मुलगी वाचत होती, आणि वाचणाऱ्याच्या मध्ये आपण आता येऊ नये एवढं त्यालाही उमगलं होतं.

आठ पृष्ठं संपायला तिला वीस मिनिटं लागली. तिने ती नीट जुळवली, एक्केचाळीस नंबरच्या पुस्तकात दोनशे बारानंतर घातली आणि पुस्तक दप्तरात ठेवलं. मग टेबलावर उघडं पडलेलं फोल्डर पुढे ओढलं. त्यात तिघांचे पासपोर्ट होते, सतरा वर्षं एकाच रबरबँडमध्ये बांधलेले. तिने रबरबँड काढला, आपला पासपोर्ट बाजूला घेतला, बाकीच्या दोघांना पुन्हा तो रबरबँड लावला.

"रिदा, तो कशाला घेतेस? इथं सेफ हाय," कमाल म्हणाला.

"आय नो," ती म्हणाली, आणि पासपोर्ट दप्तरात, त्या पुस्तकाशेजारी ठेवून तिने चेन ओढली.